बिघाड शोधण्याची विद्या

पुण्याहून आळंदीस जाणारा रस्ता विश्रांतवाडीवरून पुढें कळस आणि दिघी ह्या गांवांकडे वळतो. ज्येष्ठ वद्यांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ह्याच रस्त्यानें पुण्यांत येते. त्या दिवशीं हा सारा मार्ग टाळमृदंगांच्या घोषानें दुमदुमून जातो. परंतु ह्याच परिसरांतून गेल्या शतकांत दुसऱ्या एका प्रकारचा नादही वाहत आला, आणि तो मात्र कोणाच्याही कानांस ऐकूं येत नसे. विश्रांतवाडीच्या पश्चिमेस मुळेपलीकडे खडकीची छावणी, पूर्वेस लोहगांवचा विमानतळ आणि उत्तरेस दिघीचा माळ. ह्या तिन्ही ठिकाणीं बिनतारी यंत्रविद्येनें निरनिराळ्या काळीं आपलें ठाण मांडलें. आज पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत असलेली ही वस्ती अशा रीतीनें एका नव्या विद्येच्या मध्यभागीं वसलेली आहे. ती विद्या म्हणजे विजेच्या सूक्ष्म यंत्रांची निगा राखण्याची आणि तीं बिघडलीं असतां दुरुस्त करण्याची विद्या होय.

कोणत्याही यंत्राशीं तीन प्रकारच्या माणसांचा संबंध येतो. एक तें शोधून काढणारा, दुसरा तें बनविणारा व तिसरा तें चालतें ठेवणारा. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याचें नांव असतें, दुसऱ्याचें नांव खोक्यावर छापलेलें असतें, आणि तिसऱ्याचें नांव बहुधा कोठेंच नसतें. वास्तविक आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत ह्या तिसऱ्याचा मान कमी नव्हता. सुतार किंवा लोहार ह्यांना वर्षाकाठीं जें बलुतें मिळे, तें बरेंचसें नवी वस्तु घडविण्याबद्दल नसून नांगर, मोट व गाडे वर्षभर धड राखण्याबद्दल असे. दुरुस्ती हाच त्या व्यवहाराचा पाया होता. मात्र त्या व्यवस्थेंत एक मोठा दोष होता. सुताराचें ज्ञान सुताराच्याच मुलास मिळे, आणि ज्याच्या हातीं पोथी असे तो हातोड्यास शिवत नसे. हाताचें काम आणि डोक्याचें काम ह्यांच्यामध्यें जातीची भिंत उभी होती.

घड्याळ, छापखाना, आगगाडी व त्यांच्या मागून विजेचीं यंत्रें आलीं, तेव्हां ह्या भिंतीस पहिलें भगदाड पडलें. रेडिओ दुरुस्त करणें हा कोणत्याही जातीचा वंशपरंपरागत धंदा नव्हता, कारण तो धंदा मुळीं अस्तित्वांतच नव्हता. तो कोणाच्याही आजोबास येत नव्हता. म्हणून तो ज्यास हवा असेल त्यानें शाळेंत जाऊन किंवा कोणाच्या तरी हाताखालीं राहूनच शिकावयास हवा होता. ह्या एका गोष्टीमुळें ह्या विद्येच्या शिक्षणाचा इतिहास केवळ यंत्रांचा इतिहास राहत नाहीं. कोणाला शिकूं द्यावयाचें आणि शिकलेल्यास कोणता मान द्यावयाचा, ह्या प्रश्नांचाही तो इतिहास ठरतो.

यंत्रशिक्षणाची सुरुवात पुण्यास बरीच लवकर झाली. सन १८५४ सालीं येथें इंजिनियरिंगचा वर्ग निघाला व त्यांतूनच पुढें पुण्याचें प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय उदयास आलें. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. बडोद्यास सयाजीराव गायकवाड ह्यांच्या आश्रयानें आणि त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या पुढाकारानें १८९० सालीं कलाभवन उघडलें गेलें. ह्या संस्थांनीं रस्ते, पूल, गिरण्या व रंगकाम ह्यांसाठीं माणसें तयार केलीं. परंतु विद्युत्कणांच्या सूक्ष्म खेळावर चालणारीं यंत्रें तेव्हां जगांतच नव्हतीं. फ्लेमिंगचा दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह १९०४ सालचा व डी फॉरेस्टचा तीन ध्रुवांचा १९०६ सालचा. ह्या कांचेच्या नळ्यांनींच पुढें रेडिओ शक्य केला.

पुण्याच्या परिसरांत ह्या विद्येचा मोठा प्रवेश १९२७ सालीं झाला. तोंवर हिंदुस्थान व विलायत ह्यांच्यामधील तारा मुख्यतः समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या जाड दोरखंडांतून जात असत, आणि मुंबईपर्यंतचा तो मार्ग १८७० पासून चालूं होता. मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन ह्यांनीं आंखूड लांबीच्या लहरी एका दिशेनें झोतासारख्या सोडण्याची युक्ति सिद्ध केली, तिला ‘बीम’ पद्धति असें म्हणत. ह्या पद्धतीचें हिंदुस्थानांतील प्रक्षेपण ठाणें खडकीस, आणि ग्रहण करणारें ठाणें दौंडास उभारण्यांत आलें. दोन ठाण्यांमध्यें सुमारें पन्नास मैलांचें अंतर मुद्दाम ठेविलेलें होतें. जवळच्या प्रबळ प्रक्षेपकाच्या गोंगाटांत हजारों मैलांवरून येणारी क्षीण लहर बुडून जाऊं नये, हें त्याचें कारण. शेजारीं ढोल वाजत असतां दूरच्या माणसाची कुजबूज ऐकूं येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. हा व्यवहार चालविणारी कंपनी १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें ताब्यांत घेतली व समुद्रपार दळणवळण सेवा सुरू झाली. तिचीच पुढें १९८६ सालीं विदेश संचार निगम ही संस्था झाली, आणि विश्रांतवाडीपलीकडील दिघीच्या माळावरील तिचें ठाणें आसपासच्या लोकांच्या चांगलें परिचयाचें होतें.

अशा ठाण्यावर बिघाड म्हणजे काय, ह्याचा थोडा विचार करावा. खडकीचा प्रक्षेपक बंद पडला, तर विलायतेहून तज्ज्ञ येईपर्यंत आगबोटीच्या प्रवासाचे दोन-तीन आठवडे जाणार. तोंवर व्यापाऱ्यांच्या तारा थांबवून कसें चालेल? म्हणजे यंत्र कितीही परदेशी असलें, तरी त्याचा वैद्य ह्याच भूमींत तयार व्हावयास हवा, हा धडा अशा यंत्रांनीं पहिल्या दिवसापासूनच शिकविला.

त्याच १९२७ सालच्या २३ जुलै रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. पुढें सरकारनें ध्वनिक्षेपण आपल्याकडे घेतलें व १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. सधन घरांच्या दिवाणखान्यांत लाकडी पेटीचे संच दिसूं लागले. त्यांची दुरुस्ती प्रथम ग्रामोफोन व विजेचें सामान विकणाऱ्या दुकानांच्या मागच्या खोलींत होत असे. तेथें उमेदवारी करणारा मुलगा आधीं झाडलोट करी, मग डाख द्यावयास शिके, आणि उस्तादाची मर्जी असेल तर कधीं तरी त्यास पेटीच्या आंत पाहावयास मिळे. ही शिकण्याची रीत नाणावलेली खरी, पण तींत ‘असें कां’ ह्या प्रश्नास फारसा वाव नव्हता.

हा वाव देणारी एक संस्था पुण्यांत १९३८ सालीं निघाली. नौरोसजी वाडिया कॉलेज चालविणाऱ्या मॉडर्न एज्युकेशन सोसायटीनें कुसरो वाडिया ह्यांच्या नांवानें विद्युत्-तंत्रविद्येची स्वतंत्र संस्था स्थापन केली. पदवी आणि उमेदवारी ह्या दोहोंच्या मधली ही पायरी होती. आदल्याच वर्षीं, म्हणजे १९३७ सालीं, ॲबट व वुड ह्या दोघां इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनीं हिंदी सरकारास धंदेशिक्षणाविषयीं अहवाल सादर केला होता, व त्याच वर्षीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याच्या योजनेचा विचार झाला होता. दोघांचे मार्ग अगदीं भिन्न. परंतु केवळ पुस्तकी विद्येनें देशाचें भागणार नाहीं, ह्याविषयीं त्यांचें एकमत होतें.

ह्यानंतर महायुद्ध आलें. विमान, रणगाडा, जहाज ह्या सर्वांत बिनतारी यंत्रें बसविलेलीं असत, आणि लढाईंत बंद पडलेलें यंत्र म्हणजे आंधळें झालेलें सैन्य. म्हणून १९४० पासून सरकारनें हजारों तरुणांस घाईघाईनें तांत्रिक शिक्षण देण्यास आरंभ केला. युद्ध संपल्यावर ह्या माणसांचें करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला, व १९४५ सालीं पुनर्वसनासाठीं वेगळें खातें उघडावें लागलें.

हा प्रश्न खडकीस नवा नव्हता. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांसाठीं लेडी विलिंग्डन ह्यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं मुंबईस क्वीन मेरी तांत्रिक शाळा निघाली होती. ती पुढें खडकीस आली. भीक किंवा नुसतें पेन्शन न देतां अपंग सैनिकास नवा हुन्नर द्यावा, हा तिचा हेतु. ह्या हेतूंत एक मर्म आहे. ज्याचा पाय गेला त्यास नांगर धरतां येत नाहीं, पण बांकावर बसून बारीक यंत्र उलगडतां येतें. सूक्ष्म यंत्रांची दुरुस्ती ही अंगबळापेक्षां ध्यान, डोळा व बोटें ह्यांवर चालणारी विद्या असल्यामुळें, शरीरश्रमाच्या धंद्यांनीं ज्यांना दार बंद केलें, त्यांनाही ती आंत घेऊं शकते.

स्वातंत्र्यानंतर पुनर्वसनाच्या ह्याच केंद्रांच्या अनुभवावर १९५० सालीं कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली आणि देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था पसरल्या. लोक त्यांना ‘आयटीआय’ ह्या आद्याक्षरांनींच ओळखतात. १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला व कारखान्यांवर उमेदवार घेण्याचें बंधन आलें. पुण्यास औंध येथें मोठी शासकीय संस्था आहे. विश्रांतवाडी, कळस, धानोरी ह्या भागांतल्या सामान्य घरच्या मुलास विजेच्या यंत्रांचें शिक्षण घ्यावयाचें, तर ह्याच प्रकारच्या संस्थेचा मार्ग मोकळा असे.

रेडिओही आतां दिवाणखान्यांतून गांवच्या चावडीपर्यंत पोहोंचला. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें केंद्र सुरू झालें. १९५६ च्या आरंभीं त्याच केंद्राच्या साहाय्यानें युनेस्कोचा एक प्रयोग झाला. पुण्याभोंवतालच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें बसविण्यांत आलीं. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर सर्वांनीं मिळून त्यावर चर्चा करावयाची, असा तो क्रम दहा आठवडे चालला. जगांत त्याचें नांव झालें तें चर्चेमुळें. परंतु गांवांतील तो एकुलता एक संच मुका झाला असता, तर त्या दिवसाची चर्चाही मुकी झाली असती. वक्त्याच्या मागें लेखक असतो, तसा श्रोत्याच्या मागें दुरुस्तीचा कारागीर असतो.

असो. ह्या विद्येचें अंतरंग काय आहे, हें आतां पाहूं. विद्यार्थ्यास प्रथम ओहमचा नियम शिकवितात. विद्युद्दाब, प्रवाह व रोध ह्यांचें नातें म्हणजे ह्या शास्त्राची बाराखडी. मग त्यास रोधकांवरील रंगीत वलयें वाचावयास येऊं लागतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी म्हणजे एक, लाल म्हणजे दोन, असे दहा रंगांचे दहा अंक. तपकिरी, काळा, लाल अशीं वलयें दिसलीं कीं तो रोधक १,००० ओहमचा आहे, हें त्यानें क्षणांत ओळखावयाचें. पुढें मापकयंत्र हातांत येतें. त्याबरोबर भयही शिकवावें लागतें, कारण बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्यें वीज सांठून राहते, आणि जुन्या रंगीत दूरचित्रवाणीच्या नळीवर वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असे. म्हणून चालू यंत्रास तपासतांना एक हात खिशांत ठेवावा, असा जुन्या कारागिरांचा नियम आहे. दोन्ही हात गुंतले, तर प्रवाह छातींतून जातो.

इतकें झाल्यावर खरी विद्या सुरू होते, आणि ती म्हणजे बिघाड शोधणें. रेडिओमध्यें आकाशतारेपासून कर्ण्यापर्यंत अनेक टप्पे असतात. नवशिका एका टोकापासून एकेक भाग तपासूं लागतो. जाणता मनुष्य प्रथम वीजपुरवठा पाहतो व नंतर एकदम मध्यावर बोट ठेवतो. आवाज कमीजास्त करण्याच्या जागीं नुसत्या पेंचकसाचा स्पर्श केला व कर्ण्यांतून गुणगुण उमटली, कीं तेथून पुढचा अर्धा भाग निर्दोष ठरतो. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावयाचे. ह्या रीतीनें आठ टप्प्यांतला एक सदोष टप्पा तीन चाचण्यांत सांपडतो. सतत घुमणारी गुरगुर ऐकूं आली, तर गाळणीचा कंडेन्सर वाळला असावा. जळका वास आला, तर रोधक करपला असावा. मात्र येथें न थांबतां तो कां करपला, हें शोधावयास हवें. नाहीं तर नवाही करपेल. धूमावरून अग्नीचें अनुमान करणारे आपले नैयायिक ज्या शिस्तीनें विचार करीत, तीच शिस्त येथें बांकावर चालते. फरक इतकाच कीं येथें अनुमान चुकलें, तर यंत्र तें लगेच सांगतें आणि विद्यार्थ्यास तें मुकाट्यानें कबूल करावें लागतें.

ह्यावरून हें काम ‘कमी गुण मिळालेल्यांचें’ मानणें किती चुकीचें आहे, तें उघड होतें. तरीही आपल्या समाजांत हाच समज रुजला. महाराष्ट्रानें १९७८-७९ पासून उच्च माध्यमिक शाळांत द्विलक्षी अभ्यासक्रम व १९८८-८९ पासून किमान कौशल्यांवर आधारलेले व्यवसायशिक्षण सुरू केलें. हुन्नराचें शिक्षण शाळेच्या मुख्य दारानें आंत यावें, हा हेतु स्तुत्य होता. काळही अनुकूल होता. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी आली, पुढच्याच वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें ती पुणेंकरांच्या घरांत उतरली, आणि १९८२ सालीं तिला रंग चढला. ट्रान्झिस्टरच्या शोधानें रेडिओ खिशांत आला होताच. दुरुस्तीचें दुकान ही प्रत्येक पेठेची व प्रत्येक उपनगराची गरज झाली. अनेक घरांनीं ह्या विद्येवर मुलांचीं शिक्षणें केलीं. पण त्याच घरांत ‘मुलानें इंजिनियर व्हावें, मेकॅनिक होऊं नये’ असेंही म्हटलें जाई. जातीची भिंत पडली, तिच्या जागीं प्रमाणपत्राची भिंत उभी राहिली.

ही भिंत पाडण्याचा एक मोलाचा प्रयत्न पुणें जिल्ह्यांतच झाला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेंतील शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं ती नोकरी सोडून १९८३ सालीं शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेंत मागें पडलेल्या खेड्यांतील मुलांना त्यांनीं वीज, लोहकाम, शेती, आहार अशीं नाना कामें प्रत्यक्ष करीत शिकविलीं, आणि गांवाची खरीखुरी कामें हींच त्यांचीं पाठ्यपुस्तकें मानलीं. ज्याला वर्गांत गणित येत नव्हतें, त्याला तें तारेची लांबी मोजतांना येऊं लागलें. कलबाग २००३ सालीं निवर्तले. त्यांचा आश्रम आजही चालूं आहे.

पाबळचा हा विचार आणि परदेशांत ‘कम्युनिटी कॉलेज’ ह्या नांवानें रूढ झालेली कल्पना ह्यांचें गोत्र एकच. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील जॉलिएट येथें १९०१ सालीं अशा प्रकारचें पहिलें सार्वजनिक विद्यालय निघालें, व १९४७ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ह्यांनीं नेमलेल्या आयोगानें अशा विद्यालयांचें जाळें पसरावें अशी शिफारस केली. आपल्या देशांत पांडेचरीस १९९५ व मद्रासेस १९९६ सालीं त्यांचा आरंभ झाला, आणि २०१३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें त्यासाठीं योजना आखली. घराजवळ, थोड्या खर्चांत, नोकरी सांभाळून, वयाची अट न घालतां शिकतां यावें, आणि घेतलेलें शिक्षण पुढें पदवीकडेही नेऊं शकावें, हें तिचें सार आहे. विद्युत्-यंत्रांची निगा व दुरुस्ती ह्या विषयास हा सांचा अगदीं शोभतो. कारण ही विद्या एकदां शिकून संपत नाहीं. व्हॉल्व्ह जाणणाऱ्यास ट्रान्झिस्टर शिकावा लागला, ट्रान्झिस्टर जाणणाऱ्यास सूक्ष्मसंच. चाळिशीच्या कारागिरास पुन्हां बांकावर बसण्याची लाज वाटूं नये, अशी शाळा त्यास जवळ हवी.

ह्यावर असें विचारलें जातें कीं, आतां दुरुस्ती उरलीच कोठें? नवें यंत्र स्वस्त, जुन्याची मजुरी महाग. आणि भ्रमणध्वनि तर असा डिंकानें चिकटविलेला कीं उघडूंच नये. ह्या आक्षेपांत तथ्य आहे. पण हा निसर्गाचा नियम नव्हे, बनविणाऱ्यांचा निर्णय आहे, आणि निर्णय बदलतां येतो. टाकलेल्या यंत्रांतून शिसें व पाऱ्यासारखीं विषें मातींत उतरतात, म्हणून भारत सरकारनें २०११, २०१६ व २०२२ ह्या सालीं अशा कचऱ्याविषयीं नियम केले. २०२२ सालींच ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमण्यांत आली, आणि युरोपांत २०२४ सालीं त्या हक्कास कायद्याचा आधार मिळाला. परंतु हक्क कागदावर असून भागत नाहीं. दुरुस्तीचा हक्क बजावावयाचा, तर दुरुस्त करणारा माणूस हवा, आणि माणूस तयार होण्यास वर्षें लागतात. दुकान एका दिवसांत बंद होतें. त्याबरोबर गेलेली नजर एका दिवसांत परत येत नाहीं.

खडकीच्या बीम ठाण्याचा काळ गेला, देशांतील तारसेवाही जुलै २०१३ मध्यें बंद झाली. यंत्रें येतात व जातात. विश्रांतवाडीच्या चौकाच्या आसपास आजही लहानशा दुकानांत मान खालीं घालून, डोळ्यास भिंग लावून कोणी तरुण एखाद्या मुक्या यंत्रास बोलतें करण्यांत गढलेला दिसतो. गांवानें सुताराला बलुतें दिलें, तें त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. नांगर मोडला तर सारें गांव उपाशी राहील, हें गांवास ठाऊक होतें. आज नांगराच्या जागीं दुसरीं यंत्रें आलीं आहेत. गांव मात्र तें जुनें शहाणपण विसरलें आहे, आणि तें पुन्हां शिकण्याची वेळ आतां गांवाची आहे, कारागिराची नव्हे.